लॅटिन वनस्पतिवर्णनांत उष्णतेचे आणि उकळण्याचे शब्द कसे वाचावेत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या लॅटिन वनस्पतिवर्णनांत आणि हर्बेरियममधील, म्हणजे वाळवून दाबलेल्या वनस्पतींच्या संग्रहातील, चिठ्ठ्यांवर 'कलिदुस', 'फेर्विदुस', 'फेर्वेन्स', 'बुल्लिएन्स', 'कोक्तुस' असे शब्द वारंवार येतात. शब्दकोश त्या सर्वांपुढे 'गरम' किंवा 'उकळते' एवढेच लिहून मोकळा होतो. मग या शब्दांत खरोखर काही फरक आहे का, आणि असल्यास तो वाचताना कसा ओळखावा?

फरक आहे, पण तो तापमानाच्या अंशांत शोधू नये. वनस्पतिशास्त्रीय लॅटिनमधले उष्णतेचे बहुतेक शब्द तापमान सांगतच नाहीत. काही शब्द पाण्याची अवस्था सांगतात, काही स्वयंपाकघरातली किंवा औषधशाळेतली क्रिया सांगतात, काही ठिकाणाची ओळख देतात, काही झाडाच्या स्पर्शाने अंगाला होणारी आग सांगतात, आणि काही निव्वळ दिसण्याचे वर्णन करतात. म्हणून असा शब्द समोर आला की शब्दकोश उघडण्याआधी त्याचा प्रत्यय पाहावा आणि तो वाक्यातल्या कोणत्या नामाला लागला आहे हे ठरवावे. शब्द पाण्याला लागला आहे, पानाला, प्रदेशाला की फळाला, हे कळले की निम्म्याहून अधिक काम झाले. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून पुढे जाणाऱ्यांची चूक इथेच होते.

हे शिकण्याची आज गरज काय, अशी शंका काहींना येते. १ जानेवारी १९३५ पासून ३१ डिसेंबर २०११ पर्यंत नव्या वनस्पतीचे नाव वैध ठरण्यासाठी लॅटिन वर्णन किंवा लॅटिन भेदलक्षण, म्हणजे ती इतरांपासून कशात वेगळी आहे ते थोडक्यात सांगणारा मजकूर, देणे सर्वसाधारणपणे बंधनकारक होते. शैवलांच्या बाबतीत हे बंधन १९५८ पासून लागू झाले. २०१२ पासून इंग्रजी वर्णनही चालते. परंतु नियम बदलल्याने आधीची वर्णने बदलत नाहीत. सह्याद्रीतील कंदीलपुष्पांच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, ज्या जाती गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत वर्णिल्या गेल्या, त्यांचे मूळ भेदलक्षणही लॅटिनमध्येच आहे, आणि एखाद्या नमुन्याची ओळख निश्चित करायची असेल तर मूळ मजकुरापर्यंत जावेच लागते. पुढे लॅटिन शब्द मी रोमन उच्चाराला धरून देवनागरीत लिहिले आहेत, त्यामुळे महाविद्यालयात कानावर पडलेले 'कॅरिओटा युरेन्स' इथे 'कार्योता ऊरेन्स' असे दिसेल.

आधी पाणी पाहू. 'आक्वा तेपिदा' म्हणजे कोमट पाणी आणि 'आक्वा कलिदा' म्हणजे गरम पाणी, इथे अडचण नाही. अडचण 'फेर्वेरे' या क्रियापदापासून सुरू होते. त्याच्या अर्थात उकळणे, खदखदणे, रसरसून तापणे आणि माणसाच्या अंगात आवेश संचारणे हे सगळे मावते. त्यामुळे त्यापासून बनलेले 'फेर्विदुस' हे विशेषण आणि 'फेर्वेन्स' हे वर्तमानकालवाचक धातुसाधित यांना उकळीची नेमकी रेषा नाही. 'आक्वा फेर्विदा' म्हणजे कढत पाणी, मग त्याला उकळी फुटलेली असो वा नसो. 'बुल्लिएन्स' मात्र 'बुल्ला' म्हणजे बुडबुडा या नामावरून आलेल्या 'बुल्लीरे' या क्रियापदाचे रूप आहे, आणि त्यात पाण्यातून बुडबुडे उठत असल्याची स्पष्ट सूचना आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर 'फेर्विदा'ला कढत म्हणावे आणि 'बुल्लिएन्स'ला आधण आलेले म्हणावे. 'एबुल्लिएन्स'चा अर्थही तोच आहे, उपसर्गाने फक्त बाहेर उसळण्याची छटा येते. औषधपत्रांच्या लॅटिनमध्ये 'आक्. कल.', 'आक्. फेर्व.' आणि 'आक्. बुल्ल.' अशी तीन वेगळी संक्षिप्त रूपे होती, यावरून लिहिणाऱ्यांना या पायऱ्या वेगळ्या ठेवायच्या होत्या हे उघड आहे. तरीही एखादा लेखक 'फेर्वेन्स' हा शब्द सरळ उकळत्या पाण्यासाठी वापरतो, म्हणून त्याच लेखकाने इतरत्र 'बुल्लिएन्स' वापरला आहे का हे पाहून मगच निष्कर्ष काढावा. दोन्ही शब्द वापरणाऱ्याने फरक ठेवलेला असतो, आणि एकच वापरणाऱ्याकडून तशी अपेक्षा करता येत नाही.

विभक्तीकडे दुर्लक्ष केल्यास शब्द बरोबर वाचूनही वाक्य चुकते. 'इन आक्वा फेर्विदा' मध्ये 'आक्वा' पंचमीसदृश विभक्तीत आहे आणि अर्थ 'कढत पाण्यात असताना' असा होतो. 'इन आक्वाम फेर्विदाम' मध्ये द्वितीया आहे आणि अर्थ 'कढत पाण्यात टाकले' असा होतो. 'इन' नसलेले नुसते 'आक्वा फेर्विदा' बहुधा साधन सांगते, म्हणजे 'कढत पाण्याने'. 'फेर्वेन्स'चे याच विभक्तीतले रूप 'फेर्वेन्ती' असेही मिळते आणि 'फेर्वेन्ते' असेही मिळते. व्याकरणकार सांगतात की शब्द साध्या विशेषणासारखा वापरला असेल तर 'ई' यावी आणि 'पाणी उकळत असता' अशी क्रिया दाखवायची असेल तर 'ए' यावी. प्रत्यक्षात जुन्या लेखकांनी हा नियम सैलपणे पाळला आहे, म्हणून केवळ त्या एका स्वरावर मोठा अर्थ उभारू नये. धातुसाधिताचा काळ मात्र नेहमी पाहावा. 'बुल्लिएन्स' म्हणजे उकळत असलेले, 'कोक्तुस' म्हणजे शिजवून झालेले, 'कलेफाक्तुस' म्हणजे तापवलेले, आणि 'कलेस्केन्स' म्हणजे तापत चाललेले. हा शेवटचा 'एस्केन्स' प्रत्यय 'होत जाणे' सांगतो. रंगवर्णनात 'रुबेस्केन्स' म्हणजे तांबूस होत जाणारे असते, तसाच तो इथेही आहे.

वर्गीकरणाच्या कामात पाण्याचे हे शब्द सर्वांत जास्त कुठे येतात, तर वाळलेली फुले मऊ करण्याच्या संदर्भात. हर्बेरियममधले दाबलेले फूल तसेच उघडायला गेले तर त्याचा चुरा होतो. म्हणून ते पाण्यात घालून, त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एखादा थेंब सोडून, पाणी तापवतात. फुलात अडकलेली हवा निघून गेली की ते तळाशी बसते, आणि ते उघडण्याजोगे झाल्याची ती खूण असते. मोठ्या जाड फुलाला खळखळती उकळी चालते, पण सेरोपेजियाच्या कंदिलासारख्या पातळ पाकळ्यांना कढत पाणीच बरे, कारण उसळणाऱ्या पाण्यात आतल्या मुकुटाचे नाजूक भाग तुटतात. मूळ वर्णनात 'आक्वा फेर्विदा एमोल्लीती', म्हणजे 'कढत पाण्याने मऊ केलेली', असे शब्द फुलांसाठी आले असतील तर त्यानंतर दिलेली मापे त्या अवस्थेतली आहेत, हे धरून चालावे. वाळलेले फूल आकसलेले असते, कढत पाण्याने ते बरेच मोकळे होते, आणि तरीही ते ताज्या फुलाच्या मापाला नेमके पोहोचेल याची खात्री नसते. 'इन सिक्को' म्हणजे वाळलेल्या अवस्थेत, 'इन वीवो' म्हणजे जिवंत अवस्थेत आणि 'पोस्त कोक्तिओनेम' म्हणजे उकळल्यानंतर, या तिन्ही मापांची सरमिसळ करून 'या नमुन्याचा पुष्पमुकुट लहान आहे, म्हणून ही वेगळी जाती' असे ठरवणे धोक्याचे आहे. माझ्या मते मापाच्या किरकोळ फरकावर उभारलेल्या जातींपैकी अनेकींचा पाया अशा वेळी पुन्हा तपासावा. आणि ज्यांना त्याच फुलातून डीएनए काढायचा असेल, त्यांनी तो भाग पाण्यात घालण्यापूर्वी वेगळा करून ठेवावा. उकळलेल्या भागातून चांगल्या डीएनएची आशा धरू नये.

आता 'कोक्वेरे'चे कुटुंब. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातला हा सर्वांत समृद्ध भाग आहे. 'कोक्वेरे' म्हणजे शिजवणे, उकडणे, भाजणे आणि पिकवणेही. भट्टीत विटा भाजणे आणि उन्हाने फळ पिकणे या दोन्हींसाठी रोमन माणूस हेच क्रियापद वापरी. म्हणूनच 'प्राएकोक्स' म्हणजे वेळेआधी पिकणारे आणि पुढे लवकर फुलणारे, एवढाच अर्थ आहे. 'किमोनान्थुस प्राएकोक्स' हे झुडूप थंडीत फुलते, आणि त्याच्या नावात उष्णता शोधणाऱ्याची पुरती फसगत होते. जर्दाळूलाही रोमन लोक लवकर पिकणारे फळ म्हणून याच शब्दाच्या एका रूपाने ओळखत. हे नाव ग्रीक आणि अरबी भाषांतून फिरून युरोपात परतले, आणि आज ते कुणाला ओळखूही येत नाही.

खाण्यायोग्यतेच्या नोंदींत 'क्रूदुस' म्हणजे कच्चे आणि 'कोक्तुस' म्हणजे शिजवलेले, ही जोडी येते. समजा कुणी सुरणाबद्दल 'तूबेरा क्रूदा आक्रिया, कोक्ता एदूलिया' असे लिहिले (हे वाक्य उदाहरणासाठी मीच रचले आहे), तर त्याचा अर्थ 'कंद कच्चे असता खवखवणारे, शिजवले असता खाण्यायोग्य' असा होतो. 'तूबेरा' नपुंसकलिंगी अनेकवचनी असल्यामुळे सर्व विशेषणे आकारान्त झाली आहेत. हीच गोष्ट 'रादिक्स' म्हणजे मूळ या स्त्रीलिंगी एकवचनी शब्दाबद्दल सांगितली तर 'रादिक्स क्रूदा आक्रिस, कोक्ता एदूलिस' असे होईल. 'क्रूदा' आणि 'कोक्ता' दोन्ही वाक्यांत सारखेच दिसतात, पण एकीकडे ते अनेकवचन आहे आणि दुसरीकडे एकवचन. घाईने वाचणारा इथे अडखळतो.

'देकोक्तुम' म्हणजे काढा. इथे एक फरक मी विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा गिरवून घेतो. 'देकोक्तुम फोलिओरुम' म्हणजे पानांचा काढा. म्हणजे पाणी वापरायचे आणि पाने टाकून द्यायची. 'फोलिया देकोक्ता' म्हणजे उकडलेली पाने. म्हणजे पाने वापरायची, बहुधा वाटून लेप करायला. दोन्हींत तेच दोन शब्द आहेत, पण पहिल्यात 'देकोक्तुम' हे नाम आहे आणि पाने षष्ठीत आहेत, तर दुसऱ्यात 'देकोक्ता' हे पानांचे विशेषण आहे. पोटात घ्यायचे आणि वरून लावायचे यांची गल्लत करणारे भाषांतर कुणाच्या प्रकृतीवर बेतू शकते.

काढा किती आटवायचा, याचीही भाषा ठरलेली आहे. 'आद तेर्तिआम पार्तेम देकोक्वेरे' याचा अर्थ 'एक तृतीयांश उरेपर्यंत आटवणे' असा आहे, 'एक तृतीयांश आटवणे' असा नाही. थोरला प्लिनी हा रोमन ग्रंथकार द्राक्षरसाबद्दल हेच सांगतो: माप एक तृतीयांशावर येईपर्यंत आटवलेल्या रसाला 'सापा' म्हणतात आणि निम्म्यावर आणलेल्याला 'देफ्रुतुम' म्हणतात. मराठी वाचकाला हे पटकन समजावे, कारण आयुर्वेदातील शार्ङ्गधराच्या परंपरेतील काढाही असाच मोजला जातो. औषधाच्या सोळा पट पाणी घालून अष्टमांश उरवायचे, अष्टमांश उडवायचे नव्हे. त्याच परंपरेतील स्वरस, काढा, हिम आणि फांट हे शब्द ज्याला माहीत आहेत, त्याला लॅटिन औषधवर्णने वाचणे सोपे जाते. स्वरसाला 'सुक्कुस', काढ्याला 'देकोक्तुम', गरम पाणी ओतून झाकून ठेवलेल्या फांटाला 'इन्फूसुम' आणि थंड पाण्यात भिजत ठेवण्याला 'माकेरातिओ' हे बरेच जवळचे शब्द आहेत. 'इन्फूसुम' हा शब्द स्वतः उष्णता सांगत नाही, तो फक्त 'ओतलेले' एवढे सांगतो. म्हणून पाणी गरम होते की थंड, हे शेजारच्या शब्दावरूनच ठरवावे लागते.

स्त्रीलिंगी 'देकोक्ता' एकटाच नाम म्हणून आला तर मात्र सांभाळावे. नीरो बादशहाने पाणी उकळून, काचेच्या भांड्यात भरून, बर्फात गार करण्याची पद्धत काढली, असे प्लिनी लिहितो, आणि 'देकोक्ता' हे त्या गार पाण्याचे नाव होते. उकळण्याच्या शब्दाने बर्फगार पेय सांगणारे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. वनस्पतिग्रंथांत हा अर्थ क्वचितच भेटेल, पण रोमन लेखकांची अवतरणे देणाऱ्या जुन्या ग्रंथांत तो डोके वर काढतो.

या साऱ्या औषधी शब्दसंपत्तीशी आपल्या किनाऱ्याचे नाते जुने आहे. हेंड्रिक फान रेडे या डच अधिकाऱ्याने कोचीनमध्ये तयार करवलेला 'होर्तुस मालाबारिकुस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये छापला गेला. त्यातील औषधी माहिती देणाऱ्यांमध्ये इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते, आणि त्यांचे नागरी लिपीतील कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. मलयाळममधील मजकूर आधी पोर्तुगीजमध्ये, मग डचमध्ये आणि शेवटी लॅटिनमध्ये गेला. पानांचा काढा, तेलात सिद्ध केलेले मूळ, काढ्याने स्नान असे जे प्रयोग त्या लॅटिनमध्ये आहेत, ते तीन भाषांच्या गाळणीतून आलेले आहेत. म्हणून तिथल्या 'कोक्तुस' आणि 'देकोक्तुस' यांत रोमन वैद्यकातला काटेकोर फरक शोधत बसू नये. शेवटच्या भाषांतरकाराच्या हाताला जो शब्द आला तो त्याने लिहिला असण्याची शक्यता मोठी आहे. के. एस. मणिलाल यांनी अनेक वर्षे खपून या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. ते हाताशी ठेवून मूळ लॅटिन वाचावे, म्हणजे शंका कुठे घ्यायची ते कळते.

जुन्या औषधी ग्रंथांत 'कलिदुस' हा शब्द अगदी वेगळ्या अर्थाने येतो. 'कलिदा एत सिक्का इन तेर्तिओ ग्रादू' असे एखाद्या वनस्पतीबद्दल लिहिलेले आढळले, तर ती वनस्पती तिसऱ्या पायरीची उष्ण आणि रूक्ष आहे, असा त्याचा अर्थ आहे. ही गालेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या वैद्यकातील गुणांची मोजणी आहे, आणि तिच्या चार पायऱ्या मानल्या जात. तापमापकाशी तिचा काही संबंध नाही. पपई उष्ण आणि ताक थंड असे म्हणत वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, उलट इथे युरोपीय विद्यार्थीच गोंधळतात. गार्सिया द ओर्ताचा १५६३ साली गोव्यात छापलेला पोर्तुगीज ग्रंथ युरोपभर पसरला तो मुख्यतः क्लूसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेल्या लॅटिन संक्षेपातून. तो संक्षेप १५६७ मध्ये निघाला, आणि मसाल्यांच्या पदार्थांचे उष्ण-थंड गुण हा त्या काळच्या वैद्यांचा आवडीचा वाद त्यातही आहे. अशा मजकुरात 'कलिदुस'चे भाषांतर 'गरम' न करता 'उष्ण' करावे.

वनस्पतींच्या द्विनाम पद्धतीचा प्रवर्तक लिनियस आणि त्याच्या नंतरच्या लेखकांत 'कलिदुस' बहुधा प्रदेशाला लागतो. 'इन कलिदिओरिबुस' म्हणजे 'अधिक उष्ण भागांत'. हे तौलनिक रूप आहे, आणि तुलना युरोपशी आहे. काचघरांची नावे रोमन स्नानगृहांच्या दालनांवरून आली: 'काल्दारिउम' म्हणजे उष्ण काचघर, 'तेपिदारिउम' म्हणजे मध्यम उबेचे आणि 'फ्रिगिदारिउम' म्हणजे थंड. युरोपातील बागेत वाढवलेल्या झाडावरून जाती वर्णिली असेल तर 'कोलितुर इन काल्दारिओ', म्हणजे 'उष्ण काचघरात लावले जाते', अशी नोंद मिळते, आणि त्यावरून झाडाच्या मूळ अधिवासाबद्दल फारसे काही सांगता येत नाही.

'आएस्तुस' या शब्दाकडे कोकणात काम करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. त्याचा अर्थ तलखी, उन्हाचा तडाखा असा आहे, पण खवळणे, उसळणे या अर्थावरून तोच शब्द समुद्राच्या भरतीसाठी आणि भरती-ओहोटीच्या चक्रासाठीही वापरला जातो. 'इन आएस्तुआरिईस' म्हणजे उष्ण जागी नव्हे, तर खाड्यांत. 'आएस्तू रेकेदेन्ते' म्हणजे भरतीचे पाणी ओसरत असता. खारफुटी किंवा समुद्रशैवल यांच्या वर्णनात हा शब्द आला तर उष्णतेचा विचार मनातून काढून टाकावा. 'आएस्तीवुस' म्हणजे उन्हाळी. 'त्रितिकुम आएस्तीवुम' या गव्हाच्या नावात तो आहे, कारण लिनियसने १७५३ मध्ये उन्हाळी आणि हिवाळी गव्हाला दोन वेगळ्या जाती मानून दुसऱ्याला 'हिबेर्नुम' म्हटले होते. पुढे दोन्ही एकच ठरल्या आणि उन्हाळी हे नाव टिकले. आपल्याकडे गहू रब्बीत, थंडीच्या तोंडावर पेरतात, त्यामुळे हे नाव महाराष्ट्रात जरा विनोदीच वाटते. 'आएस्तिवातिओ' ही लिनियसचीच संज्ञा कळीत पाकळ्या कशा मुडपलेल्या असतात, ते सांगते.

जळण्याच्या शब्दांत दोन गट स्पष्ट वेगळे ठेवावेत. 'ऊरेरे' म्हणजे जाळणे, आणि त्याचे वर्तमान धातुसाधित 'ऊरेन्स' म्हणजे जाळणारे, आग करणारे. इथे वनस्पती कर्ता आहे. 'कार्योता ऊरेन्स' म्हणजे आपला भेरली माड, ज्याच्या फळांच्या गरातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी हाताला आग आणि खाज सुटते. 'स्तेर्कुलिया ऊरेन्स' म्हणजे कांडोळ, त्याच्या फळांवरचे केस टोचतात. 'ऊर्तिका ऊरेन्स' या नावात तर प्रजातीचे नाव आणि विशेषण दोन्ही त्याच धातूकडे जातात. याउलट 'उस्तुस' हे भूतकालवाचक, म्हणजे जळालेले. इथे वनस्पतीवर क्रिया झालेली आहे, किंवा झाल्यासारखी दिसते आहे. 'उस्तुलातुस' म्हणजे होरपळलेले. लिनियसच्या 'ओर्किस उस्तुलाता' या युरोपीय आमरीच्या तुऱ्याचा शेंडा न उमललेल्या गडद कळ्यांमुळे करपल्यासारखा दिसतो, बाकी तिचा आगीशी काही संबंध नाही. 'आदुस्तुस' आणि 'देउस्तुस' बुरशींच्या नावांत काळपट, जळकट रंगासाठी येतात, आणि काणी रोगाच्या बुरशीचे 'उस्तिलागो' हे नावही याच कुळातले आहे. प्रत्यक्ष जळालेल्या जागेसाठी 'लोकिस एक्सुस्तिस', म्हणजे 'जळालेल्या जागी', अशी रचना असते, आणि ती वणव्यानंतर उगवणाऱ्या बुरशींच्या वर्णनात अक्षरशः खरी असते. 'तोर्रिदुस' म्हणजे उन्हाने किंवा धगीने शुष्क झालेले, आणि 'तोस्तुस' म्हणजे भाजलेले.

उकळण्याच्या शब्दकुळातून पानाच्या वर्णनात गेलेला एकच महत्त्वाचा शब्द मला आठवतो, तो 'बुल्लातुस'. 'फोलिया बुल्लाता' म्हणजे शिरांच्या मधला भाग वर फुगून आलेली पाने, भाजलेल्या पापडावर उठतात तसे फुगे असलेली. कोतोनेआस्तेर या झुडपाच्या एका जातीचे नाव यावरूनच 'बुल्लातुस' आहे. इथे पाणी नाही, उष्णता नाही, फक्त बुडबुड्याचा आकार आहे. 'बुल्बोसुस' म्हणजे कंदयुक्त, तो शब्द वेगळा.

उष्ण झऱ्यांसाठी 'थेर्माए' हा मूळ ग्रीक शब्द लॅटिनने घेतला. कोकणात अशा झऱ्यांना उन्हाळे म्हणतात, आणि तिथली शैवले वर्णिताना 'इन थेर्मिस' म्हणजे उष्ण झऱ्यांत, असे लिहिले जाई. 'थेर्मालिस' हे विशेषण पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी नामाला तसेच लागते, पण नपुंसकलिंगी नामाला 'थेर्माले' होते. म्हणून कॅलिफोर्नियातील उष्ण झऱ्यांजवळच्या गवताला बोलँडरने 'पानिकुम थेर्माले' म्हटले. 'थेर्मारुम' ही मात्र षष्ठी अनेकवचनी आहे, 'उष्ण झऱ्यांचे'. रुवांडात एबरहार्ड फिशर यांना १९८७ मध्ये सापडलेले चिमुकले कमळ 'निम्फाएआ थेर्मारुम' या नावाने ओळखले जाते. ते उकळत्या पाण्यात वाढत नाही. झऱ्याचे पाणी वाहत येऊन सुमारे २५ अंश सेल्सियसपर्यंत निवते तिथल्या ओल्या चिखलात ते आढळले. नाव ठिकाण सांगते, सहनशक्ती नव्हे. याच्या उलट उदाहरण 'किआनिदिउम काल्दारिउम' या सूक्ष्म तांबड्या शैवलाचे आहे. जोसेफिन टिल्डन यांनी १८९८ मध्ये अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतून ते वर्णिले, आणि ते खरोखरच तप्त, आम्लयुक्त पाण्यात जगते. त्यातले 'काल्दारिउम' हे विशेषण आहे, काचघर नव्हे. अक्षरे तीच असली तरी ते प्रजातीच्या नपुंसकलिंगी नावाशी जुळवून घेतलेले रूप आहे.

शेवटी, उष्णतेचे वाटतात पण नसतात असे काही शब्द. 'सांबुकुस एबुलुस' या नावातला 'एबुलुस' हे त्या झाडाचे जुने रोमन नाव आहे, त्याला 'एबुल्लिएन्स'शी जोडू नये. 'आंगुस्तुस' म्हणजे अरुंद, 'वेनुस्तुस' म्हणजे देखणे आणि 'रोबुस्तुस' म्हणजे दणकट. या तिन्हींच्या शेवटी 'उस्तुस' ऐकू येतो, पण जळणे त्यात नाही. 'कोक्किनेउस' म्हणजे किरमिजी लाल, त्याचा 'कोक्तुस'शी संबंध नाही. 'काल्लोसुस' म्हणजे घट्टे पडलेले, टणक. 'फेब्रिफुगुस' म्हणजे ताप घालवणारे, रोहन वृक्षाच्या 'सोयमिदा फेब्रिफुगा' या नावात तो आहे, आणि आजाराच्या तापासाठी लॅटिनचा 'फेब्रिस' हा शब्द वेगळाच आहे. सर्वांत त्रासदायक जोडी 'कलोर' म्हणजे उष्णता आणि 'कोलोर' म्हणजे रंग ही आहे, कारण हस्तलिखित चिठ्ठीवर त्यांचा पहिला स्वर सहज एकमेकांसारखा दिसतो. अशा वेळी पुढचा शब्द पाहावा. 'विरिदी', 'रुब्रो' असे रंगाचे विशेषण लगेच आले तर तो 'कोलोरे' आहे. 'रुबेस्केन्स' किंवा 'एवानेस्केन्स' असे 'होत जाणारे' रूप एकटेच आले तर 'उष्णतेने तांबूस होणारे', 'उष्णतेने नाहीसे होणारे' हा अर्थ बसतो का ते तपासावे, आणि तो बसत असेल तर बहुधा 'कलोरे' वाचणेच बरोबर असते.